गॅलरीतला कुपा

आमच्या घरी कुपा आला की पहिला मान माझ्या नाकाचा असे. कुपा म्हणजे हल्ली मॉलमध्ये डब्यात बंद होऊन ट्यूना या नावाने मिळतो, तोच मासा. बायकोचं माहेर रत्नागिरीकडच्या एका बंदरावर. तिचा भाऊ स्वतःची होडी घेऊन समुद्रावर जातो. चांगला कुपा लागला की तो बर्फात घालून रात्रीच्या बसने पेटी पाठवतो आणि सकाळी मी स्कूटर काढून स्वारगेटला ती उतरवून घेतो. घरी आल्यावर पेटी थेट गॅलरीतल्या कडप्प्यावर. बायको झाकण काढणार, बर्फ बाजूला सारणार, दोन्ही हातांनी मासा उचलून अंगठ्याने त्याचा कल्ला उघडणार आणि माझ्या तोंडासमोर धरणार. मी चष्मा कपाळावर सरकवायचा, वाकायचं, हुंगायचं आणि निकाल द्यायचा. मी "ताजा आहे" म्हटल्याशिवाय तिने कधी सुरीला हात लावला नाही.

हा मान मला, कारण माझा धंदाच नाकाचा. कसबा पेठेत आमचं चहाच्या पत्तीचं दुकान आहे, वडिलांपासून चालत आलेलं. निरनिराळ्या मळ्यांची पत्ती आणायची आणि प्रत्येकाच्या आवडीप्रमाणे मिसळून द्यायची. कुणाला रंग हवा, कुणाला कडकपणा, कुणाला नुसता सुवास. पाकिटातला चहा पिणारी माणसं वाढली असली तरी "आमचा चहा" लागणारी घरं पेठांमध्ये अजून आहेत. पत्ती पारखायची आमची रीत साधी. चिमूटभर नाही, मूठभर घ्यायची, मुठीत तोंडाची वाफ सोडायची आणि मूठ उघडून नाकाशी धरायची. वाफेने पत्ती जागी होते आणि काय ते खरं बोलते. वडील म्हणायचे, डोळ्यांना फसवता येतं, जिभेला साखर घालून गप्प करता येतं, नाकाला नाही. मी ते खरं मानून चाललो.

आता चहावाल्याच्या घरात कुपा कसा आला ते सांगायला हवं. बायको नोकरीसाठी पुण्यात आली होती, ऑफिसच्या चहासाठी पत्ती न्यायला दुकानात यायची. पुढचं फार सांगण्यासारखं नाही, सगळ्यांचं होतं तसंच झालं. आमचं घर सदाशिव पेठेतलं, शाकाहारी. आईने लग्नाला हो म्हटलं, पण अट घातली: मासे खायचे तर खुशाल खा, स्वयंपाकघरात नाही. मग गॅलरीत कडप्पा बसवला, त्यावर एक शेगडी आणि बायकोची वेगळी भांडी. लग्नानंतर माहेरून पहिली पेटी आली तेव्हा मी आत आईबरोबर आमटी-भात जेवलो आणि बायको गॅलरीत पाटावर बसून एकटी जेवली. सगळं अगदी शिस्तीत चाललं होतं, पुण्यात चालतं तसं.

पुढच्या पेटीच्या वेळी ती गॅलरीच्या दारात येऊन म्हणाली, "अहो, जरा येता का? मासा ताजा आहे की नाही ते मला नक्की कळत नाहीये. तुमचं नाक इतकं तयार आहे, हुंगून सांगता का?"

माझ्या नाकाची कुणी अशी कदर केली की मी कुठेही जाईन. गेलो. वाटलं होतं, घाण वास येईल आणि पळावं लागेल. पण ताज्या माशाला वासच नसतो म्हटलं तरी चालेल. ओल्या दगडाचा, थोडा मिठाचा, आणि मागून किंचित काकडीसारखा काहीतरी. मी म्हटलं, "ताजा आहे." ती म्हणाली, "बघा, मला कळलंच नसतं." मग आलोच आहोत तर कापताना बघत उभा राहिलो. त्याच्या पुढच्या वेळी एक तुकडा चाखला. वर्षभरात मी पाटावर तिच्या शेजारी होतो आणि आई आतून "झालं का तुमचं?" असं विचारत होती.

तेव्हापासून हुंगण्याचा मान माझा. एकदा घाटात बस बंद पडली आणि पेटी फार उशिरा आली. मी कल्ल्याशी नाक नेलं आणि म्हटलं, "टाकून दे." तिने लगेच अख्खा मासा टाकला. शिळा कुपा बाधतो, ओठ खाजतात, तोंड लालबुंद होतं. सगळ्या घराला माझ्या नाकाने वाचवलं, ही हकीकत मी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला किती वर्षं ऐकवली याला गणती नाही.

ते नाक गेल्या पावसाळ्यात गेलं. साधा ताप आला, चार दिवस अंग दुखलं, ताप उतरला आणि सकाळी चहाचा कप तोंडाशी नेला तर नुसतं गरम पाणी. वाटलं, सर्दी असेल. आठवडे गेले. उदबत्ती कळेना, फोडणी कळेना, गॅसवर दूध करपलं ते कळेना. डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, निलगिरी हुंगायला सांगितली. म्हणाले, येईल परत, कधी ते सांगता येत नाही. मी रोज बशीतल्या लवंगेकडे बघत बसायचो आणि लवंग माझ्याकडे. गणपती झाल्यावर थोडं काही परत आलं, पण वाकडं होऊन आलं. कुठलीही पत्ती मुठीत घेतली की जळक्या रबराचा वास. चांगल्यातला चांगला चहा आणि जळकं रबर! त्यापेक्षा काहीच येत नव्हतं ते बरं होतं. मी दुकानात मागच्या बाजूला पोत्यावर बसून रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

दुकान चालू होतं, अंदाजाने. इतकी वर्षं हात बसलेला, डोळे मिटून मिसळेन असं वाटायचं. पण पत्ती दर खेपेला बदलते. आमच्या खालच्या मजल्यावर गणिताचे निवृत्त सर राहतात. वडिलांच्या वेळेपासूनचं आमचं गिऱ्हाईक. ते एक दिवस जिन्यात भेटले.

"चहा बदललात का?"

"नाही हो सर, तोच आहे."

"असं होय. पुडीवर नाव तुमचंच आहे म्हणून विचारलं."

एवढं बोलून ते वर न बघता निघून गेले. दुसरा कुणी असता तर मी चार शब्द सुनावले असते, माझ्याही नाकावर राग असतोच. पण सरांचं बरोबर होतं. त्या संध्याकाळी जेवताना मी बायकोला आणि मुलीला सांगून टाकलं, दिवाळीच्या पाडव्याला दुकान बंद करतो. पाडव्याला आमच्याकडे नव्या वर्षाची पूजा होते. पूजा करायची आणि शटर ओढायचं. वडिलांचं नाव लावून अंदाजाने चहा विकणं मला जमणार नाही.

मुलगी धायरीला राहते, आयटीत आहे, त्या दिवशी आली होती. ती म्हणाली, "बाबा, रेडीमेड ब्लेंड ठेवा ना. कोणाला कळतंय? जस्ट पॅकिंग आपलं." मी तिच्याकडे असं पाहिलं की तिने पोळी वाढून घेतली. जेवण झाल्यावर बायको फोन घेऊन गॅलरीत गेली आणि भावाशी बोलली. मला फक्त शेवटचं ऐकू आलं: "मोठा नको, पण दोन दिवसांत पाठव."

मी भडकलो. माझं दुकान बुडतंय आणि हिला कुपा सुचतोय! शिवाय मासा आला तरी हुंगणार कोण? मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "पेटी तेवढी घेऊन या. बाकी बघू."

पेटी उतरवून घेतानाच मेहुण्याचा फोन आला. "भावोजी, गळाला लागलेला हाय. तिथंच होडीत रगत काढून बर्फात घातलाय. ताईला तेवढं सांगा." हे तो दर वेळी सांगतो आणि मी दर वेळी हो म्हणून फोन ठेवतो. या वेळी घरी गेल्यावर मी निरोप जसाच्या तसा सांगितला, कारण माझ्याकडे सांगायला दुसरं काही नव्हतं.

बायकोने झाकण काढलं. मी सवयीने चष्मा कपाळावर सरकवला आणि मग आठवण होऊन परत खाली घेतला. तिने मासा उचलला. काळसर निळी पाठ, चांदीसारखं पोट, शेपटीकडे निमुळता. तिने आधी बर्फाकडे पाहिलं, तो अजून खडा होता. मग माशाच्या डोळ्यांकडे. मग अंगठ्याने पाठ दाबली आणि सोडली, खळगा राहिला नाही. कल्ला उघडून आतला लाल रंग पाहिला, नाकाजवळ नेलासुद्धा नाही. "ताजा आहे," ती म्हणाली आणि सुरी घेतली.

हे सगळं मी चहाची पुडी बांधतो तितक्या वेळात झालं. इतकं सराईतपणे, की मी बघतच राहिलो.

"तुला कळतं?" मी विचारलं.

"काय?"

"ताजा आहे की नाही ते."

तिने सुरी खाली ठेवली. "अहो, मी होडीवाल्याच्या घरात वाढले. चालता येत नव्हतं तेव्हापासून मासे बघतेय."

"मग घाटात बस बंद पडली होती तेव्हा?"

"झाकण काढलं तेव्हाच बर्फाचं पाणी झालेलं होतं. तुम्ही चष्मा शोधत होतात तोवर मी टाकायला कागद पसरून ठेवला होता. आणि बाधणारा कुपा काय वासाने कळतो? चांगला वास आला तरी बाधतो. त्याला बर्फ कधी लागला ते ठाऊक हवं. म्हणून तर भाऊ दर वेळी निरोप देतो."

माझं नाक गेलं ते पावसाळ्यात, पण त्याची अब्रू त्या सकाळी गॅलरीत गेली. "मग इतकी वर्षं मला हुंगायला का लावलंस?" मी विचारलं, जरा चिडूनच.

तिने मासा पुन्हा हातात घेतला. "तुम्ही गॅलरीत यावं म्हणून," ती म्हणाली. "एकटीला घास उतरत नव्हता."

मी आत गेलो आणि तोंडावर पाणी मारून बाहेर आलो. मग पाट ओढून तिच्या जवळ बसलो. या वेळी मला कुणी निकालासाठी बोलावलं नव्हतं. मी आपलाच बसलो होतो.

तिने डोकं वेगळं केलं, कण्याच्या दोन्ही बाजूंनी सुरी फिरवून चार लांब फोडी काढल्या. कुप्याचं मांस पाहून नवखा माणूस दचकतो, इतकं ते लाल असतं. कण्यालगतची जवळजवळ काळी पट्टी तिने काढून टाकली, ती कडवट लागते. उरलेलं मिठाच्या पाण्यात, पाणी नितळ होईपर्यंत दोनदा बदलून. मग जाड तुकड्यांना मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ लावलं आणि तवा चांगला तापवून दोन्ही बाजूंनी नुसते शेकले. जास्त ठेवायचे नाहीत. जास्त शिजलेला कुपा म्हणजे लाकडाचा भुसा, असं तिचं मत आहे आणि ते खरं आहे. बाकीच्याचं तिखलं: मिरचीचं वाटण, हळद, कोकम, ठेचलेली तिरफळं आणि मासा जेमतेम भिजेल इतकंच पाणी. मासा एकदा कढईत पडला की चमचा घालायचा नाही, कढई नुसती हलवायची. नारळ नाही. नारळ घातला की तिखल्याचा सांबार होतो, हेही तिचंच मत.

धायरीहून मुलगी वेळेवर पोचली. कच्ची फोड बघून म्हणाली, "बाबा, लोक हे रॉ खातात. सोया सॉसमध्ये डिप करून. बाणेरला एका प्लेटमध्ये एवढेसे चार पीस देतात."

"गॅस परवडत नसेल त्यांना," मी म्हटलं. खूप दिवसांनी घरात हसण्याचा आवाज झाला आणि तो माझ्यामुळे झाला, हे मला बरं वाटलं.

जेवायला बसलो. मला आशा नव्हती. कित्येक महिने जेवण म्हणजे चावायचं काम होतं. तव्यावरचा तुकडा भाकरीबरोबर तोंडात घातला. वास नाही. पण बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ, दाताखाली त्याचे पापुद्रे सुटत गेले. मग आगळ, तो आंबटपणा जिभेच्या कडांना स्वच्छ लागला. मग मीठ. मी पुढचा घास जरा सावकाश घेतला. नंतर तिखलं. मिरची लागली, ते अपेक्षित होतं. पण तिच्या मागून तिरफळ आलं. ज्यांनी तिरफळ खाल्लेलं नाही त्यांना सांगतो, त्याने जिभेला नि ओठांना मुंग्या येतात, थंड आणि गरम एकदम. ते वासावर अवलंबून नाही. माझे ओठ झिणझिणले आणि मी ताटावरून मान वर केली.

"काय झालं? बाधला?" बायको घाबरली.

"लागतंय," मी म्हटलं. "तिरफळ लागतंय!"

मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. मुलगी मोबाइल बाजूला ठेवून माझ्याकडे बघत होती. इतका आनंद मला कधी झाला ते आठवत नाही. नाक गेलं म्हणून मी बाकीचं सगळं दुकानच बंद करून बसलो होतो. जीभ होती, दात होते, ओठ होते, सगळे कामावर हजर होते आणि मी कुणाला विचारतच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या तुकड्यांचं कांदा घालून सुकं झालं. शिळ्या तिखल्याला पहिल्या दिवसापेक्षा जास्त चव येते, ते मी सकाळीच संपवलं. जिन्यात सर भेटले. "काल तुमच्याकडे समुद्र आला होता वाटतं," ते म्हणाले. मी विचारलं, "खूप वास आला का हो, सर?" ते म्हणाले, "आला. तुम्हाला येत नाही, हे ऐकून आहे मी. वाईट वाटलं." सरांकडून हे शेवटचे दोन शब्द ऐकायला लोकांना जन्म काढावा लागतो.

मी दुकानात गेलो आणि तिथून बायकोला फोन केला. म्हटलं, "जरा येतेस का? नवी पत्ती आलीय, मला नक्की कळत नाहीये."

ती चालत आली. मी मूठभर पत्ती घेतली, मुठीत वाफ सोडली आणि मूठ उघडून तिच्या नाकाशी धरली. तिने डोळे मिटले. "पावसात भिजलेल्या गवतासारखा," ती म्हणाली. मला ती पत्ती लगेच समजली, उशिरा खुडलेली. त्या वासाचं नाव तिने घेतलं की तो मला आठवतो, येत नसला तरी. तोंडात एक कण चघळला तर तुरटपणा जिभेवर नीट कळला. बोटांत चुरून पाहिली, किती वाळली आहे तेही कळलं. तिच्या सांगण्यावरून आणि माझ्या जिभेवरून आम्ही सरांचा चहा मिसळला. दोनदा चुकला, तो आम्हीच प्यायलो. तिसऱ्यांदा पुडी बांधून मी स्वतः सरांच्या दारात नेऊन दिली.

पाडव्याला पूजा झाली. सर दुकानात आले, ते सहसा येत नाहीत, पुडी मागवून घेतात. काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "हं. आता ठीक आहे." मग गेले. पुण्यात यापेक्षा मोठं बक्षीस कुणी देत नाही. मी शटर ओढलं नाही.

आता बायको रोज सकाळी स्वयंपाक उरकून दुकानात येते. जळक्या रबराचा वास हल्ली कमी झालाय. कधी कधी लवंग असल्यासारखी वाटते, पण मी डॉक्टरांना सोडून कुणाला सांगत नाही, उगाच दृष्ट लागायची. परवा पत्तीची नवी पेटी उघडून मी नेहमीप्रमाणे मूठ तिच्यापुढे धरली. तिने हुंगलं आणि मुठीवरून माझ्याकडे बघत विचारलं, "खरं सांगा. माझ्या नाकाची अजून गरज आहे, की नुसतं गल्ल्यापाशी बसायला बोलावताय?"

"दोन्ही," मी म्हटलं आणि तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.